टांकसाळीला तांबं पुरवायचंय? १७१७ सालच्या लंडनसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

समजा साल १७१७ आहे, तुम्ही ब्रिस्टल किंवा लंडनचे धातूचे व्यापारी आहात आणि टॉवर ऑफ लंडनमधल्या टांकसाळीला हाफपेनी (अर्धा पेनी) आणि फार्दिंग (पाव पेनी) या नाण्यांसाठी तांबं पुरवायचं कंत्राट तुम्हाला हवंय. टांकसाळीचा मास्टर, म्हणजे प्रमुख, कोण, तर आयझॅक न्यूटन. हो, तोच. १६९६ मध्ये वॉर्डन म्हणून आला आणि पुढे मास्टर झाला, आणि हिशोबाच्या बाबतीत हा माणूस कुणाला सोडत नाही, त्यामुळे "चालतंय की" म्हणून काहीही खपवता येईल या भ्रमात राहू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सोन्या-चांदीच्या नाण्यात जवळपास सगळी किंमत धातूची असते, घडणावळ किरकोळ. तांब्याचं उलटं आहे. धातू स्वस्त, पण तो वितळवा, शुद्ध करा, लाटा, कापा, तापवा, छापा, हे सगळं करायला चांदीइतकीच मेहनत लागते आणि हातात येतो अर्धा पेनी. म्हणजे तांब्याच्या धंद्यात पैसा कमवायचा किंवा बुडवायचा तो मजुरीत आणि वाया जाणाऱ्या मालात. खाली प्रत्येक पायरीला हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

पायरी १: भट्टी पेटवायच्या आधी हिशोब

खाली "पाउंड" म्हणजे वजन आणि "पौंड" म्हणजे पैसा (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड). तांब्याची नाणी ॲव्हर्डुपॉइज, म्हणजे नेहमीच्या व्यापारी पाउंडावर मोजतात, ७००० ग्रेनचा पाउंड (ग्रेन हे बारीक वजन). सोन्या-चांदीसाठी ट्रॉय पाउंड असतो, तो वेगळा, तिथे गोंधळ घालू नका. १७१७ चा दर असा की एका पाउंड तांब्यातून २३ पेन्सची नाणी पाडायची, म्हणजे ४६ हाफपेनी, म्हणजे एक हाफपेनी साधारण १५२ ग्रेनची, आपल्या हिशोबात दहा ग्रॅमला जराशी कमी.

हा दर आभाळातून पडला नाही, त्यामागे रडगाणं आहे. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने पहिल्यांदा नीट सरकारी तांब्याची नाणी काढली तेव्हा पाउंडाला २० पेन्स होते, हाफपेनी चांगली १७५ ग्रेनची. मग १६९४ मध्ये खासगी मंडळींना परवाना दिला, सात वर्षांत ७०० टन, पाउंडाला २१ पेन्स. त्यांनी बाजारात एवढी नाणी ओतली आणि मालही असा दिला की तक्रारींचा पाऊस पडला आणि १६९८ मध्ये पार्लमेंटला कायदा करून वर्षभर तांब्याची नाणी पाडणं थांबवावं लागलं. न्यूटनने हे सगळं जवळून पाहिलंय. त्यामुळे त्याचं म्हणणं ठरलेलं आहे: नाण्यातल्या तांब्याची किंमत आणि नाणं घडवायचा खर्च मिळून नाण्याच्या दर्शनी किमतीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, आणि गरजेपेक्षा जास्त नाणी काढू नका.

आता टनाचा हिशोब करा. २२४० पाउंड गुणिले २३ पेन्स, म्हणजे एका टनातून २१४ पौंड १३ शिलिंग ४ पेन्सची नाणी. बाजारात तांबं पाउंडाला शिलिंगाच्या आसपास धरा, म्हणजे टनाला ११२ पौंड. उरलेल्या शंभरेक पौंडात शुद्धीकरण, पट्ट्या, वाहतूक, कातरणीची (चकत्या कापून उरलेल्या पत्र्याची) पुन्हा वितळवणूक, छापणाऱ्यांची मजुरी, ठशांचा खर्च, अधिकाऱ्यांचं देणं, आणि मग सरकारला काही उरलं तर उरलं. तुमचा वाटा यातला फक्त तांब्याचा आणि ते छापण्याजोगं करून देण्याचा, त्यामुळे दर सांगताना पट्टी तयार होईपर्यंतचा सगळा खर्च आत धरा, नुसत्या तांब्याचा भाव सांगून मोकळे झालात तर मेलात.

पायरी २: तांबं आणायचं कुठून

हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी विचारला असतात तर उत्तर एकच होतं, स्वीडन. फालूनच्या खाणीतून सतराव्या शतकाच्या मध्याला युरोपातलं बहुतांश तांबं निघायचं, आणि १६७२ च्या इंग्लिश नाण्यांसाठी तर नुसतं तांबं नाही, कापलेल्या तयार चकत्याच स्टॉकहोमच्या अब्राहम क्रोनस्ट्रॉमकडून आणल्या होत्या. लंडनला फक्त छाप मारायचा. (त्याच सुमाराला, गव्हर्नर जेराल्ड आँजिअरच्या कारकिर्दीत, मुंबईतही ईस्ट इंडिया कंपनीची टांकसाळ सुरू झाली आणि तिथेही तांब्याची नाणी निघाली.) मग १६८७ च्या जूनमध्ये फालूनची खाण कोसळली, एक प्रचंड खड्डाच पडला. सणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं आणि एकही माणूस गेला नाही, पण उत्पादन पुन्हा कधी त्या उंचीवर गेलं नाही.

इंग्लंडमध्ये तांबं नव्हतं असं नाही. एलिझाबेथच्या काळात केसविकजवळ ऑग्सबर्गहून डॅनियल हेखश्टेटर आणि त्याच्याबरोबर जर्मन खाणकामगार बोलावले होते, १५६८ मध्ये माइन्स रॉयल कंपनीला सनदही मिळाली. पण त्याच वर्षी नॉर्थम्बरलंडच्या अर्लशी खटला झाला, जमीन त्याची आणि तांबं राणीला हवं, आणि न्यायाधीशांनी सांगितलं की खाणीतल्या धातूत सोनं-चांदी असेल तर ती खाणच राजाची. आता मला सांगा, आपल्या जमिनीतली खाण कधीही राजा उचलून नेऊ शकतो म्हटल्यावर कोण शहाणा त्यात पैसा घालेल? शंभरएक वर्षं हा धंदा रखडला त्याला हे एक मोठं कारण आहे असं माझं मत. १६८९ आणि १६९३ च्या कायद्यांनी तो हक्क काढून घेतला आणि मग बघा, ब्रिस्टलच्या आजूबाजूला, वाय नदीकाठच्या रेडब्रुकला, आणि १७१७ च्या सुमाराला वेल्समधल्या स्वान्सीकडे, भट्ट्याच भट्ट्या.

तेव्हा आज तुमच्यासाठी सल्ला: धातुक (तांबं असलेला खाणीतला दगड) इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचं घ्या आणि ते जहाजाने कोळशाकडे न्या, कोळसा कॉर्नवॉलला नेऊ नका. एक टन तांबं काढायला धातुकापेक्षा कितीतरी जास्त कोळसा जळतो, आणि कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही. ब्रिस्टल आणि स्वान्सीला कोळसा आणि बंदर दोन्ही दारात. तुमची स्वतःची भट्टी नसेल तर तिथल्याच एखाद्या कारखान्याकडून तयार तांबं घ्या, पण मग पायरी ४ दोनदा वाचा.

पायरी ३: भाजणं आणि वितळवणं

कॉर्नवॉलचं धातुक म्हणजे मुख्यतः पिवळं चकाकणारं, तांबं, लोखंड आणि गंधक एकत्र असलेलं. शंभर भागात तांबं दहाच्या आसपास निघालं तरी बरं म्हणायचं. यातलं गंधक आणि लोखंड काढायचं एवढंच काम आहे, पण ते एका दमात होत नाही.

आधी फोडून भाजा. गंधक धूर होऊन जातं, आणि तो धूर असा की आजूबाजूचं गवतसुद्धा मरतं, शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं. मग वितळवा. लोखंडाची मळी वर तरंगते, ती खरवडून काढा, खाली राहतं ते मॅट, म्हणजे तांबं, थोडं लोखंड आणि गंधक यांचं मिश्रण. ते पुन्हा फोडा, पुन्हा भाजा, पुन्हा वितळवा. हे चक्र कितीदा फिरवायचं ते मालावर अवलंबून, घाई केलीत तर पुढे पट्टी फाटेल तेव्हा आठवण येईल.

भट्टी परावर्तनीच हवी. म्हणजे कोळसा एका बाजूच्या कप्प्यात जळतो, धातू दुसऱ्या कप्प्यात, आणि ज्वाळा बुटक्या कमानीवर आपटून धातूवर येते. १६८० च्या दशकात सर क्लेमंट क्लार्क आणि त्याच्या माणसांनी या भट्ट्यांवर ब्रिस्टलकडे प्रयोग केले, जॉन कोस्टरने रेडब्रुकला ते काम पुढे नेलं. फायदा साधा आहे, दगडी कोळशातलं गंधक धातूला थेट लागत नाही, आणि महागडा लाकडी कोळसा वाचतो. इंग्लिश तांबं स्वीडिश तांब्याशी भावात टक्कर द्यायला लागलं ते या भट्टीच्या जिवावर.

पायरी ४: शुद्धीकरण, आणि इथे झोपू नका

सगळं कंत्राट जिथे तरतं किंवा बुडतं ती ही जागा. भट्टीतून निघालेलं जाडंभरडं तांबं पुन्हा वितळवायचं आणि हवा लागू द्यायची, म्हणजे उरलेलं लोखंड, गंधक, शिसं जळून मळीत जातं. पण त्यात तांब्यालाही थोडी हवा लागते आणि ते ठिसूळ होतं. मग वितळलेल्या धातूवर कोळशाची भुकटी पसरायची आणि ओल्या लाकडाचा लांब दांडा, बर्चचा असेल तर उत्तम, त्यात खुपसायचा. ओलं लाकूड आत फसफसतं, धातू ढवळला जातो आणि जास्तीची हवा निघून जाते. अठराव्या शतकात वेल्सच्या कारागिरांनी ही कला पार मुरवली.

कधी थांबायचं हे कुठल्याही पुस्तकात बघून कळत नाही. कारागीर छोट्या पळीने थोडा धातू काढतो, पाण्यात बुडवतो, अर्धा कापून वाकवतो आणि मोडलेल्या तोंडाकडे बघतो. तोंड विटकरी लाल आणि जाड दाण्याचं दिसलं तर अजून दांडा हवा. गुलाबीसर, रेशमासारखं चमकणारं आणि वाकताना सहज न तुटणारं असेल तर लगेच ओता, एक मिनिट थांबू नका. थांबलात तर दांडा जास्त होतो आणि तांबं पुन्हा बिघडतं. साच्यातल्या लादीवरूनही कळतं: कमी झालं असेल तर थंड होताना वरचा भाग मध्ये खचतो, जास्त झालं असेल तर मध्ये फुगून उंचवटा येतो, आणि बरोबर झालं असेल तर पृष्ठभाग सपाट राहतो. या माणसाला पगार वाढवून द्या पण सोडू नका, बाकी सगळे बदलता येतात.

आता टांकसाळीची परीक्षा. सोनं-चांदी किती शुद्ध हे मोजायची पक्की रीत आहे, पण अर्ध्या पेनीच्या नाण्यासाठी तसलं काही करत बसलं तर परीक्षेचाच खर्च नाण्यापेक्षा जास्त. म्हणून न्यूटनची कसोटी एकदम धटिंगण आहे: तुकडा लाल होईपर्यंत तापवा आणि हातोड्याने ठोका. न चिरता पातळ पसरला तर तांबं पास, कडा फाटल्या तर नापास. ऐकायला गावठी वाटतं पण यात दम आहे, कारण शिसं किंवा बिस्मथ अगदी थोडं राहिलं असलं तरी ते तांब्याच्या कणांच्या मधे जाऊन बसतं आणि लाल तापल्यावर तिथेच चिरा पडतात. जे तांबं यात टिकेल ते रोलरमध्येही टिकेल, म्हणजे परीक्षा आणि काम एकच. तेव्हा माल पाठवायच्या आधी प्रत्येक ओतीचा एक तुकडा आपल्याकडेच ठोकून बघा. परत आलेल्या मालाचं भाडं तुमच्याच खिशातून जातं.

या कसोटीची ताकद पुढे आयर्लंडच्या भानगडीत दिसली. १७२२ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या विल्यम वुडला आयर्लंडसाठी ३६० टन तांब्याची नाणी पाडायची सनद मिळाली, पाउंडाला ३० पेन्स, म्हणजे नाणं इंग्लिश नाण्यापेक्षा बरंच हलकं. डब्लिनमध्ये आरडाओरडा झाला, जोनाथन स्विफ्टने टोपणनावाने पत्रं लिहून आग लावली की हा माणूस भंगार देतोय. १७२४ मध्ये न्यूटनसह तिघांनी नमुने तपासले, लाल तापवून ठोकले, आणि तांबं चांगलंच निघालं. तरी वुडला १७२५ मध्ये सनद सोडावी लागली. म्हणजे धातू पास झाला तरी माणूस नापास होऊ शकतो, लोकांना न विचारता त्यांच्या खिशात नाणं कोंबलं की असं होतं, ते मात्र हातोड्याने सुटत नाही.

पायरी ५: पट्ट्या आणि लाटणं

शुद्ध तांबं लांबट पट्ट्यांमध्ये ओता, रुंदी एका चकतीपेक्षा थोडीशी जास्त. टॉवरमधले रोलर घोडे फिरवतात. १६६२ नंतर पीटर ब्लाँडो या फ्रेंच माणसाच्या देखरेखीखाली तिथे हातोड्याने नाणी पाडणं बंद होऊन यंत्रं आली, तेव्हापासून ही व्यवस्था आहे.

तांबं लाटताना कडक होत जातं, चार-पाच फेऱ्यांनंतर ते ऐकेनासं होतं. मग ताव द्या, लाल करून मऊ करा, आणि पुन्हा लाटा. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकताना मधेमधे भट्टीत घालतात तोच प्रकार. ताव वाचवून लाकूड वाचवायला गेलात तर कडा करवतीसारख्या फाटतात आणि अख्खी पट्टी कातरणीत जाते.

जाडीकडे डोळ्यात तेल घालून बघा. पट्टी शंभरात पाच भाग जाड राहिली तर पाउंडाला ४६ ऐवजी ४४ च नाणी निघतात, टनाला ९ पौंड ६ शिलिंग ८ पेन्सचं नुकसान, आणि पातळ झाली तर नाणी हलकी म्हणून ओरड. सोन्याचं नाणं एकेक तोलून कानशीने घासून जुळवतात, तांब्याचं तसं कुणी करत नाही, परवडत नाही. इथे पाउंडभर नाणी एकदम तोलायची आणि मोजायची. म्हणून नाण्या-नाण्यात फरक चालतो, पण पाउंडात चालत नाही.

पायरी ६: चकत्या कापणं

स्क्रूच्या कापणीयंत्राने पट्टीतून गोल चकत्या पाडायच्या. इथे जे वाया जातं ते बघून नवीन माणसाच्या पोटात गोळा येतो. चौकोनात बसणारं वर्तुळ कापलं की भूमितीनेच शंभरातले साडेएकवीस भाग बाहेर राहतात, त्यात दोन चकत्यांमधली जागा, कडा, फाटलेली टोकं धरा, म्हणजे तिसरा हिस्सा सहज गेला. ही जाळीदार कातरण तोलून तुमच्याकडे परत येते आणि पुन्हा पायरी ४. तेव्हा करारात स्पष्ट लिहून घ्या की पैसे कुठल्या वजनावर मिळणार, आत गेलेल्या पट्टीच्या की बाहेर आलेल्या नाण्याच्या, आणि कातरण कुठल्या भावाने परत घ्यायची. अर्ध्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

१७१७ ची हाफपेनी छोटी आणि जाड का आहे असं लोक विचारतात, नाणी जमवणारे तिला आजही "डंप" म्हणतात. हातात घेतली की बटणासारखी ठोस लागते, छाप कधीकधी कडेवरून बाहेर गेलेला असतो. दोन वर्षांत आकार थोडा पसरट केला आणि ती बरीच देखणी झाली. माझ्या मते आधीच करायला हवं होतं.

पायरी ७: शेवटचा ताव, सफाई, छाप

कापलेल्या चकत्यांना पुन्हा एकदा ताव द्या, नाहीतर कडक चकतीवर छाप उठत नाही आणि महागडा ठसा तडकतो. तापवल्यावर काळा थर येतो, तो आंबट द्रावणात टाकून काढा, धुवा, आणि लाकडाच्या भुशात हलवून पूर्ण कोरड्या करा. ओली चकती छापाखाली गेली तर डाग राहतो.

छापणं टांकसाळीच्या लोकांचं काम, तुमचं नाही, पण एकदा जाऊन बघाच. स्क्रूप्रेसच्या वरच्या आडव्या दांड्याला दोन्ही टोकांना जड गोळे आणि दोऱ्या, माणसं दोऱ्या ओढून दांडा फिरवतात, आणि खाली खड्ड्यात एक जण बसून प्रत्येक फेरीला छापलेलं नाणं बोटाने उडवतो आणि नवी चकती ठेवतो. मिनिटाला पन्नासच्या आसपास. बोटांच्या टोकांचं काय होतं ते विचारू नका. सोन्या-चांदीच्या नाण्याची कड कातरून कुणी धातू चोरू नये म्हणून कडेवर अक्षरं काढतात, तांब्याच्या नाण्यावर तसलं काही काढत नाहीत, कारण तांबं कातरून कोण श्रीमंत होणार? १६८४ ते १६९२ मध्ये कथलाची (टिनची) नाणी काढली, कॉर्नवॉलच्या कथलाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून, मधे तांब्याची खुंटी ठोकलेली, त्यांच्या कडेवर मात्र अक्षरं होती. तरी बनावट झालीच, आणि नाणी काळी पडून सडली ते वेगळं.

पायरी ८: बनावटवाल्यांचा अंदाज घ्या

हे पुरवठादाराचं काम नाही असं वाटेल, पण आहे. दर्शनी किंमत आणि तांब्याची किंमत यात जितकी फट, तितकी खोटं नाणं करणाऱ्याची कमाई. १६१३ मध्ये पहिल्या जेम्सने लॉर्ड हॅरिंग्टनला तांब्याच्या फार्दिंगचा परवाना दिला होता, एकेक फार्दिंग फक्त ६ ग्रेनची, कागदासारखी. लोकांनी ती नाकारली आणि चोरांनी डोक्यावर घेतली. १६३६ मध्ये वैतागून नाण्यात पितळेचा तुकडा बसवला की निदान ओळखता यावं. मग १६४८ नंतर दुकानदारांनी सरळ आपापली टोकनं (नाण्यासारखे बिल्ले) काढली, गल्लीगल्लीत वेगळी, ती १६७२ पर्यंत चालली.

तुमचा उपयोग असा की चांगलं शुद्ध तांबं लाटून, ताव देऊन, पूर्ण वजनाचं केलेलं नाणं नक्कल करायला महाग पडतं, तर ओतीव नक्कल स्वस्त पण हातात घेतली की खरखरीत लागते. तेव्हा मालात शिसं किंवा भंगार पितळ मिसळून दोन पेन्स वाचवायचा मोह झाला तर लक्षात घ्या, तुमचं नाणं बनावट नाण्यासारखं दिसायला लागेल, दुकानदार दोन्ही नाकारतील, आणि पुढच्या वर्षी कंत्राट दुसऱ्याला जाईल. माल टॉवरला पाठवताना प्रत्येक ओतीचा नंबर पट्टीवर ठोका, ठोकलेला नमुना आणि वजनाची नोंद सोबत ठेवा, आणि तोलायच्या वेळी आपला माणूस तराजूपाशी उभा ठेवा, शेवटची पट्टी उतरेपर्यंत.